जिवाणू पाळणाऱ्या थूल मॅडम

थूल मॅडम आमच्या शेडवर पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

पुलगावहून देवळीकडे निघालं की वस्ती संपते तिथे आमचं शेत आहे. शेताच्या एका कडेला राजूनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आणि मी ब्रॉयलर कोंबड्यांची शेड टाकली होती. पिल्लं आणि खाद्य कंपनी द्यायची, वाढवायचं आम्ही, आणि वाढलेल्या कोंबड्या कंपनीच उचलून न्यायची. राजू टेम्पो चालवायचा, त्यामुळे शेड मीच बघत होते. बांधाच्या पलीकडे एक नवं पांढरं घर होतं. तिथे कॉलेजातून रिटायर झालेल्या कुणी मॅडम एकट्या राहतात, यजमान डेपोत नोकरीला होते ते वारले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

त्या सकाळी बांध ओलांडून तरातरा आल्या. ठेंगण्या, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पुरुषी बूट आणि नाकाला रुमाल.

"मी हे घर मोकळ्या हवेसाठी बांधलं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मला ही हवा देता?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रुमाल खाली घेतला आणि मान वाकडी करून शेडकडे कान लावला. जाळीतून कोंबड्यांची घरघर बाहेर येत होती. मला तिची सवय झाली होती.

"ह्या तं खोकून राह्यल्या," त्यांचा आवाजच बदलला. "कधीपासून वं?"

एवढं विचारणारं त्या आठवड्यात कुणी भेटलंच नव्हतं. मला रडूच फुटलं. मरतूक रोज वाढत होती. आधीची बॅचही अशीच गेली होती, आणि कंपनीच्या सुपरवायझरनं स्पष्ट सांगितलं होतं, की या खेपेलाही हेच झालं तर पुढची पिल्लं मिळणार नाहीत. शेडशिवाय आमच्या घराला दुसरा आधार नव्हता. राजूचा टेम्पो महिन्यातून अर्धे दिवस मेकॅनिककडेच असायचा.

मॅडमनी माझं रडणं थांबायची वाट पाहिली नाही. "रडत रडतच एक मेलेली आण," त्या म्हणाल्या. "आन् कात्री आण."

शेडच्या पायरीवर बसून त्यांनी ती कोंबडी उघडली. इतकी वर्षं कोंबड्या हाताळूनही मी आत असं कधी डोकावले नव्हते. कलेजीवर पांढरं, जाड काहीतरी पसरलं होतं.

"दुधावरच्या सायीसारखं दिसतंय नं? ही ईकोलायची करामत. जन्मभर मी कॉलेजात हेच जिवाणू काचेच्या बशीत वाढवले. तू कोंबड्या पाळतेस, मी जिवाणू पाळले. धंदा एकच आहे आपला."

भांडायचं राहूनच गेलं. त्यांनी त्या कलेजीवर कापसाची काडी फिरवली, ती काचेच्या नळीत घातली, नळी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली आणि त्याच बूट-साडीत वर्ध्याच्या बसला जाऊन बसल्या. त्यांच्या जुन्या कॉलेजात आता त्यांचाच एक विद्यार्थी प्रयोगशाळा सांभाळत होता. दोन-तीन दिवसांनी त्या मलाही सोबत घेऊन गेल्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा माझा शत्रू डोळ्यांनी पाहिला. काचेच्या बशीत पिवळसर थर, आणि त्यावर कागदाच्या पांढऱ्या टिकल्या.

"एकेक टिकली म्हणजे एकेक औषध," मॅडम म्हणाल्या. "औषधाला जिवाणू भीत असला तर टिकलीभोवती स्वच्छ गोल कडं पडतं. मोज आता कडी."

मोजण्यासारखं काही नव्हतंच. एका टिकलीभोवती कडं होतं. बाकीच्या टिकल्यांना थर अगदी खेटून वाढला होता.

"यातली बरीच औषधं तू पाण्यातून देत होतीस?"

"हाव. पिल्लं आली का त्याच दिवसापासून. आजारी पडू नाई म्हणून. सगळेच देतात."

त्या रागावल्या नाहीत. "आजार नसताना देत गेलीस, तर त्या जिवाणूंनी रोज थोडं थोडं शिकून घेतलं. तू शाळा चालवून राह्यली होती त्यांची."

ते एक औषध जनावरांच्या डॉक्टरांनी व्यवस्थित मोजून दिलं. मरतूक थांबली. बॅच कशीबशी निघाली आणि कंपनीनं पुढची पिल्लं पाठवायचं कबूल केलं. मी पेढे घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. खिडकीतून शेडकडे बघत म्हणाल्या, "एकच कडं उरलंय वंदना. ते आपण किती दिवस पुरवायचं?"

तिथून पुढे त्या आमच्याच झाल्या.

त्यांच्या बोलण्याला दोन तोंडं होती. शिकवायला लागल्या की पुस्तकातलं शुद्ध मराठी. राग आला किंवा माया आली की वऱ्हाडी. त्यामुळे त्या "वंदना, इकडे ये" म्हणाल्या तर धडा असायचा, आणि "ये वं इकडे" म्हणाल्या तर नक्की काय वाढून ठेवलंय हे जाईपर्यंत कळायचं नाही. जिवाणूंबद्दल मात्र कायम आदरानं बोलायच्या. "ते मूर्ख नाहीत," असं नेहमी सांगायच्या. "आपल्या आधीपासून आहेत. त्यांना कमी लेखायचं नाही."

त्यांच्यासमोर 'झालं' हा शब्द काढायची सोय नव्हती. 'झालं म्हणू नको, दिसलं म्हण,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा राजू आनंदानं म्हणाला, "टेम्पो दुरुस्त झाला मॅडम!" मॅडम म्हणाल्या, "सुरू झालेला दिसला, एवढंच म्हण." राजू मनातून चिडला. त्याच दुपारी टेम्पो देवळीच्या चौकात पुन्हा बंद पडला आणि ढकलत बाजूला घ्यावा लागला. तेव्हापासून राजूही घरात 'दिसलं' म्हणायला लागला. मी विचारावं, जेवण झालं का? त्यानं म्हणावं, झालेलं दिसते.

हात धुणं हा त्यांचा दुसरा धर्म. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, घाई न करता. शेडच्या दाराशी त्यांनी चुन्याचा ट्रे ठेवायला लावला, आतल्या चपला वेगळ्या केल्या. एकदा सुपरवायझर दुसऱ्या शेडवरून थेट आमच्याकडे आला, तेव्हा मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बूट काढा." तो म्हणाला, "मी कंपनीचा माणूस आहे." त्या म्हणाल्या, "तुमच्या बुटाला ते माहीत नाही." त्यानं बूट काढले. पाण्याची नळीही त्यांनीच कापून उघडी करून दाखवली. आत हिरवा बुळबुळीत थर होता. "औषध ह्या घाणीतून पाजून राह्यली तू," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या नळ्या बदलेपर्यंत त्यांनी दुसऱ्या कशाला हातही लावला नाही.

औषधाऐवजी झाडपाल्यात जिवाणूंना अडवणारं काही सापडतं का, ते शोधायचा उद्योग त्यानंतर सुरू झाला. खांद्याला कापडी पिशवी अडकवून मॅडम वस्तीभर फिरायच्या. कुणाच्या कुंपणाची निरगुडी, कुणाचा कडुनिंब, कुणाच्या अंगणातली तुळस. आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात. जांबाच्या झाडावर तर त्यांचा विशेष डोळा. लोक फळं मागतात, ह्या पानं मागायच्या. वस्तीला वाटलं, मॅडम रिटायर होऊन झाडपाल्याचं औषध देतात. गुडघेदुखीवाल्या बाया दारात येऊन बसू लागल्या. मॅडम वैतागायच्या. "मी वैद्य नाही हो. मी फक्त बघते."

पाल्याचा रस काढायचा, कागदाच्या टिकल्या त्यात भिजवायच्या, आमच्याच शेडमधले जिवाणू वाढवलेल्या बशीत त्या ठेवायच्या, कडं पडतं का बघायचं. हे सगळं त्या कॉलेजातच करायच्या, घरी जिवाणू आणायचे नाहीत हा त्यांचा नियम होता. तुळशीनं त्यांना निराश केलं. जांबाच्या पानांनी आणि ओव्याच्या तेलानं खूश केलं. त्या दिवशी बसमधून उतरल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. "कडं पडलं वं! एवढं!" आणि बोटांनी बांगडीएवढा गोल करून दाखवला. लगेच सावरून शुद्ध भाषेत म्हणाल्या, "अर्थात, बशीत मेला म्हणजे कोंबडीत मेला असं होत नाही."

एवढी धडपड कशासाठी, हे मी त्यांना एकदा जांबाची पानं तोडताना विचारलं. फांदी धरून मी उभी होते, त्या कोवळी पानं खुडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग झाला होता. रिपोर्ट आला तो मीच वाचला. त्यात एकही औषध लागू पडत नव्हतं. डॉक्टर मला समजावून सांगत होते, आणि मी तेच जन्मभर पोरांना शिकवत आले होते." मग फांदीकडे बोट दाखवलं. "अजून जरा खाली घे. वरची पानं चांगली आहेत." त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

ओव्याचं तेल काढण्यावरून तर पोलीस आले. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. मॅडमनी जुना मोठा कुकर घेतला, शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवून घेतली, ती नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवून बाटलीत सोडली. खाली शेगडी, आत ओवा आणि पाणी. वाफ गार होऊन बाटलीत थेंब थेंब पडायचा. बांधावरून जाणाऱ्या कुणीतरी हा थाट पाहिला आणि ठाण्यात कळवलं, की रिटायर मॅडमनं घरामागं हातभट्टी लावली.

एक पिकल्या मिशांचे हवालदार आले. मी शेडमधून धावत गेले. हवालदार बिचारे संकोचले होते. "मॅडम, तक्रार आहे. तुम्ही म्हणे काढून राह्यल्या."

"हाव, काढून राह्यली," मॅडम म्हणाल्या. "या, बसा. घेता का थोडी?"

हवालदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅडमनी वाटीत ओव्याचं गार पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हुंगलं, भीत भीत घोट घेतला. मग पूर्ण वाटी संपवली. थोड्या वेळानं त्यांना मोठी ढेकर आली आणि ते खुर्चीत सैल होऊन बसले. "मॅडम, चार दिवसांपासून पोटात गॅस धरला होता," ते म्हणाले. त्यानंतर ते महिन्यातून एकदा 'तपासाला' यायचे आणि बाटली भरून न्यायचे. मॅडम दर वेळी बजावायच्या, "हवालदारसाहेब, हे औषध नाही. तुम्हाला बरं वाटलेलं दिसलं, एवढंच."

पण माझ्या मनात त्यांची मूर्ती पक्की झाली ती हसण्याच्या नाही, त्यांच्या फसण्याच्या दिवशी.

उन्हाळ्याची बॅच होती. मॅडमनी पहिल्यांदाच अर्क पिण्याच्या पाण्यात मिसळायला दिला. जांब, ओवा आणि कडुनिंब. बशीत या मिश्रणाचं कडं सुंदर पडलं होतं. दुपारी मी शेडमध्ये गेले तर कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकत होत्या. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेलच. पाण्याची भांडी भरलेली होती. एकीनंही प्यायलं नव्हतं.

मी आरडाओरडा केला. मॅडम छत्रीही न घेता आल्या. भांड्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. "कडू जहर! मी चव घेऊन पाहिली नाई. बशीले काय जीभ असते?"

मग त्यांनी पदर खोचला आणि खाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर बसकण मारली. एकेक भांडं ओतून, घासून, धुऊन, मी आणलेलं ताजं पाणी त्यात भरत गेल्या. त्या वयाच्या बाईनं त्या पत्र्याखाली बसणं जिवाशी खेळ होता. मी उठा म्हटलं, तर ऐकेनात. बऱ्याच कोंबड्या वाचल्या, पण काही गेल्या. राजूनं मॅडमकडे न बघता त्या मोजून पोत्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर यायचा होता. ऊन फार होतं असं सांगावं, असं मी ठरवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मॅडम सकाळपासून शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. तो आला तशा उभ्या राहिल्या. "ह्या कोंबड्या माझ्यामुळे मेल्या. पाणी मी कडू केलं. या मुलीची काही चूक नाही. वर कळवायचं असेल तर माझं नाव कळवा." एवढ्या शिकलेल्या बाईनं एका पोरसवद्या सुपरवायझरसमोर असं बोलावं, याची त्यालाच लाज वाटली. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, उन्हाळ्यात सगळीकडेच होते." त्या म्हणाल्या, "सगळीकडे उन्हानं होतं. इथे माझ्यानं झालं." तेवढ्या एकदाच त्यांनी 'दिसलं' न म्हणता 'झालं' म्हटलेलं मी ऐकलं.

कडुनिंब कायमचा गेला. पुढची खेप त्यांनी दुसऱ्याच पद्धतीनं लावली. शेडच्या मधोमध जाळी घातली. एका बाजूला जांब आणि ओव्याचा हलका अर्क, दुसऱ्या बाजूला साधं पाणी. दोन्हीकडे सफाई सारखी, खाद्य सारखं. "नाहीतर कळणार कसं, अर्कानं फरक पडला की तुझ्या झाडूनं?" त्या म्हणाल्या. मला ते पटलंही.

थंडीचे दिवस आले आणि साध्या पाण्याच्या बाजूला खोकला सुरू झाला. अर्काच्या बाजूला शांत होतं. दिवसागणिक फरक डोळ्यांना दिसू लागला. मॅडम सकाळ-संध्याकाळ जाळीशी उभ्या राहायच्या. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली होती. इतक्या वर्षांचा त्यांचा प्रश्न जाळीच्या दोन बाजूंनी उत्तर देत होता. आणखी थोडे दिवस असंच चालू दिलं असतं, तर त्यांना छातीठोक सांगता आलं असतं.

पण माझा धीर सुटला. "मॅडम, तिकडच्या कोंबड्यांनी काय पाप केलं?" मी म्हणाले. "तुमच्यासाठी ती बाजू असंन. माझ्यासाठी ती अर्धी शेड आहे."

त्यांनी मला डॉक्टरांना फोन लावायला सांगितला, स्वतः जाळीपाशी गेल्या आणि जाळीची तार उकलायला लागल्या. तार गंजली होती, त्यांच्या बोटाला लागली.

"दे त्यांनाही अर्क. डॉक्टर सांगतील ते औषधही दे," त्या म्हणाल्या. "माझा प्रयोग पुढच्या बॅचला करता येईल. ह्या कोंबड्या पुढच्या बॅचला नाहीत."

बॅच चांगली निघाली. कशामुळे, ते मॅडमनी सांगायचं नाकारलं, कारण दोन्ही बाजूंना सगळंच दिल्यावर ते सांगता येत नव्हतं. याच सुमारास कोंबड्यांची औषधं विकणारा एक गृहस्थ त्यांच्याकडे आला. अर्काच्या बाटल्या भरू, लेबलवर तुमचा फोटो टाकू, म्हणाला. मॅडमनी त्याला चहा दिला, जांबाची पानं दाखवली, कसं उकळायचं ते सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, "हे कोणीही घरी करावं. पण बाटलीवर 'बरं होतं' असं मी लिहू देणार नाही. मला अजून ते माहीत नाही." तो गेला, पुन्हा आला नाही.

पुढच्या कितीतरी बॅचेस जाळी लावून त्यांनी पुन्हा पाहिलं. कधी फरक मोठा दिसला, कधी जेमतेम. अर्क हा आजारी कोंबडीला उठवणारा नाही, पण पहिल्यापासून दिला आणि शेड स्वच्छ ठेवली तर पुष्कळदा आजाराला दारातच अडवतो, एवढं म्हणायला त्या शेवटी तयार झाल्या. आज माझ्या शेडमध्ये पिल्लं आली की औषधाची पुडी फुटत नाही. खरोखर गरज पडते तेव्हा डॉक्टर सांगतील तेच औषध, आणि ते लागू पडतं. देवळीच्या बाया येऊन बघून गेल्या. गिरडच्या एका बचत गटानं मॅडमना बोलावलं, तेव्हा त्या दोन बस बदलून गेल्या आणि पहिला अख्खा तास फक्त हात कसे धुवायचे ते शिकवलं.

त्या कुठल्या मोठ्या शोधाच्या मालकीण झाल्या नाहीत. पण माझी मुलगी आज नागपूरला नर्सिंग शिकते, राजूनं नवा टेम्पो घेतला, आणि मी ज्या शेडमध्ये उभी राहून हे सांगते आहे ती शेड उभी आहे, हे त्यांच्यामुळे. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं होतं. त्यांनी मला इतर कारणं मोजून दाखवली.

मागच्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होत्या. मग त्यांची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली, आणि तिथेच काही महिन्यांनी त्या गेल्या. पण पुण्याला निघायच्या दिवशी, दवाखान्यातून सामान घ्यायला घरी आल्या तेव्हा, त्यांनी गाडी शेडपाशी थांबवायला लावली.

सकाळीच माझी नवी पिल्लं आली होती. तुसावर पिवळा गालिचा अंथरल्यासारखी पसरली होती, नुसता चिवचिवाट. मी दार उघडलं, "या नं मॅडम."

"मी नाही येत आत," त्या म्हणाल्या. साडी अंगावर ढगळ झाली होती, आवाज अगदी बारीक. "दवाखान्यातून आले. माझ्या अंगावर काय काय आलं असेल, कुणास ठाऊक." जाळीलाही हात लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. तशाच त्या बाहेरून बघत राहिल्या. गाडीतून मुलगी हाका मारत होती, त्यांचं लक्ष नव्हतं.

"त्या कोपऱ्यातलं पाह्य वं," त्या एकदम म्हणाल्या. "एकटंच उभं आहे. त्याले पानी दाखव."

मी हात धुऊन आत गेले. प्रवासानं दमलेलं एक पिल्लू डोळे मिटून उभं होतं. मी ते ओंजळीत घेतलं, त्याची चोच अलगद पाण्यात टेकवली. एकदा, दोनदा. मग त्यानं डोळे उघडले आणि घोट उतरवायला मान वर केली.

मी जाळीकडे पाहिलं. मॅडमनी पिल्लासोबत स्वतःची हनुवटी वर उचलली होती, आणि त्यांनीही एक घोट गिळला.